पुरुषोत्तमपुरी

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील गोदावरीच्या दक्षिण तीरावरील लहान गाव. वैष्णव क्षेत्र आणि यादवकालीन ताम्रपटाचे स्थान म्हणून प्रसिद्ध.

भूगोल : गोदावरी ही बीड जिल्ह्याची उत्तर सीमा असून गाव त्या सीमेवरच वसले आहे. जमीन काळी, कसदार. तालुक्यातून वाहणारी सिंदफणा मंजरथ येथे गोदावरीस मिळते. सिंदफणेवरील माजलगाव धरण (१९८७) जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात येते. पैठण येथील जायकवाडी धरणाचा १३२ किमी. लांबीचा उजवा कालवा माजलगाव धरणाला जोडलेला आहे.

व्यवसाय : शेती; पिके कापूस, ऊस, सोयाबीन, तूर.

ताम्रपट : देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाचा (कार. १२७१–सु. १३११) शके १२३२ (इ. स. १३१०) चा हा लेख तीन पत्र्यांवर, संस्कृत भाषेत व नागरी लिपीत कोरलेला आहे. वा. वि. मिराशी यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पंचविसाव्या खंडात संपादित केला. राजाने आपला मंत्री पुरुषोत्तम यास गावे दिली व त्यांचा पुरुषोत्तमपुरी नावाचा अग्रहार (ब्राह्मणांना दान दिलेली वसाहत) झाला, हा त्याचा मुख्य विषय. प्रशस्तीत वज्राकर (बहुधा वैरागड) व भांडागार (भंडारा) येथील राजांवरील विजय, तसेच वाराणसी म्लेंच्छांपासून मुक्त करून तेथे शार्ङ्गधराचे (विष्णूचे) सुवर्णमंदिर उभारल्याचे वर्णन येते. वाराणसीचा हा उल्लेख शब्दशः कितपत घ्यावा, याविषयी एकमत नाही.

या लेखाचे मोल त्याच्या काळात आहे. १२९६ मध्ये देवगिरीवर अलाउद्दीन खलजीची स्वारी झाली; १३०७ च्या सुमारास त्याचा सेनापती मलिक काफूर याच्या मोहिमेनंतर रामचंद्रदेव दिल्लीचा मांडलिक झाला. तरीही १३१० मधील या लेखाची भाषा सार्वभौम राजाची आहे. रामचंद्रदेवाच्या अखेरच्या काळातील इतके तपशीलवार साधन दुसरे क्वचितच सापडेल. १३१७ मध्ये यादवसत्ता संपुष्टात आली. यादवांच्या राजकीय इतिहासात गोदाकाठच्या या खेड्याला वगळून पुढे जाता येत नाही.

नाव : ताम्रपटानुसार मंत्र्यावरून; लोकपरंपरेत मात्र ग्रामदैवत पुरुषोत्तमावरून.

मंदिर व यात्रा : पुरुषोत्तमाचे प्राचीन मंदिर विटांचे आहे. विष्णूने येथे शार्दूल राक्षसाचा वध केला, अशी स्थानिक आख्यायिका आहे. पुरुषोत्तम ही अधिकमासाची देवता. त्यामुळे सुमारे तीन वर्षांनी येणाऱ्या या धोंड्याच्या महिन्यात येथे महिनाभर यात्रा भरते. भाविक गोदास्नान करून दर्शन घेतात. पुरणाच्या धोंड्यांचा नैवेद्य दाखवतात व तेहतिसाच्या संख्येत वाण देतात. २०२३ मध्ये अधिक श्रावणात ही यात्रा भरली होती.

नंतरचा इतिहास : १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात; १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात; १९६० पासून महाराष्ट्रात.