मुंबईचा गुरुवारचा त्रिमेळ

आकाशवाणीचे नागपूर केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झाले. तेव्हापासून गांधीबाग, इतवारी, महाल या वस्त्यांत कार्यक्रमापूर्वी वाजणारी ती लहानशी धून ज्याच्या कानी पडली नाही, असा वयस्क माणूस विरळा. खाली तंबोरा, वर व्हायोलिन आणि स्वर शिवरंजनीचे. साहजिकच ती कोणा पंडितजींनी बांधली असावी असे पुष्कळांस वाटते. अभ्यासक मात्र तिचे श्रेय बहुधा वॉल्टर कौफमान या युरोपातून आलेल्या ज्यू संगीतकारास देतात व ती 1936 च्या सुमाराची मानतात. परंतु आज मला त्या धुनेविषयी बोलावयाचे नाही. कौफमान मुंबईत ज्या तिघांच्या मेळात पियानो वाजवीत, त्या मेळाची हकीकत सांगावयाची आहे.

पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांच्या मेळास युरोपात पियानो ट्रायो म्हणतात. चेलो म्हणजे बसून, गुडघ्यांत धरून गजाने वाजवावयाचे मोठे वाद्य. त्याचा आवाज पुरुषाच्या भारदस्त गळ्यासारखा. हायडनच्या काळी या मेळात खरा कारभार पियानोचा. चेलोवाल्याने बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हातामागून चालावयाचे, इतकेच. 1795 साली बीथोव्हेनने आपली पहिली क्रमांकित कृती म्हणून तीन ट्रायो छापले. त्यांत चेलोला स्वतःचे बोलणे मिळू लागले आणि पुढे तिघे बरोबरीने बोलू लागले. मोठ्या वाद्यवृंदापुढे काठी घेऊन संचालक उभा असतो. येथे तो नाही. गिरणीच्या भाषेत सांगावयाचे तर हे जॉबरशिवाय चालणारे खाते. एकाने हात आखडता घेतला की दुसऱ्या दोघांस ते त्याच क्षणी कळते, आणि श्रोत्यांसही.

कौफमान यांचा जन्म 1907 साली बोहेमियातील कार्ल्सबाडचा. शिक्षण बर्लिन व प्राग येथे झाले. आपला मार्गदर्शक प्राध्यापक नाझींचा कार्यकर्ता आहे असे कळताच त्यांनी डॉक्टरेट घेण्याचे नाकारले. हिटलर सत्तेवर आल्यानंतर वर्षभरात, 1934 च्या आरंभी, ते मुंबईस आले. येथील संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी आधी ऐकल्या होत्या आणि त्या त्यांना मुळीच उमगल्या नव्हत्या. परंतु लाखो लोकांस जे प्रिय आहे ते निरर्थक कसे असेल, तेव्हा उणीव आपल्याच कानात असली पाहिजे, असा त्यांनी विचार केला. त्या काळच्या गोऱ्या माणसाने असा विचार करावा हे मला त्यांच्या संगीताइतकेच मोलाचे वाटते.

मुंबईस आल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' काढली. पियानोवर ते स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ व्हर्गा. मेहली हे 1908 साली जन्मलेले मुंबईचे पारशी गृहस्थ. जगप्रसिद्ध संचालक झुबीन मेहता हे त्यांचे चिरंजीव. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी मैफल होई. मे 1937 पर्यंत अशा 136 मैफली झाल्या. तीन वर्षांचे गुरुवार साधारण 156 भरतात. म्हणजे खाडे फार थोडे पडले. आमच्या संघटनांच्या साप्ताहिक सभांनादेखील ही हजेरी साधलेली नाही!

पण दर गुरुवारी वाजविणाऱ्या माणसाला शुक्रवार ते बुधवार पोट असतेच. जिमखान्याच्या दिवाणखान्यात बसणारा वर्ग लहान. परळ-लालबागचा कामगार तेथे जाणार नव्हता, आणि त्याला तेथे कोणी बोलावलेही नव्हते. एवढ्याशा वर्गाच्या आवडीवर तिघांचे संसार कसे चालावेत? कौफमान यांनी मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठी काम केले आणि 1937 पासून रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे खाते सांभाळले. मेहलींनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा व 1940 साली तंतुवाद्यांचा चौमेळ उभा केला. मोठ्या वाद्यवृंदात गोव्याची मंडळी पुष्कळ असत. त्यांनी चर्चच्या शाळेत स्वरलिपी गिरवलेली. पोटासाठी दिवसा चित्रपटाचे ध्वनिमुद्रण आणि रात्री हॉटेलातले नाच. बदली कामगार कसा दररोज गेटवर उभा राहतो, तशीच ही तऱ्हा. फरक इतकाच की अंगावर कोट आणि गळ्याला बो.

1945 साली मेहली अधिक शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले. 1946 साली कौफमान यांनी भारत सोडला. मेहली परत आले, पण 1955 साली मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात नोकरी धरून पुन्हा गेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. मुंबईने त्यांना टाळ्या पुष्कळ दिल्या, यात शंका नाही.

त्याच 1955 साली अमेरिकेत 'बो आर्ट्स ट्रायो'ची पहिली मैफल झाली. पियानोवर मेनाहेम प्रेस्लर, व्हायोलिनवर दानिएल गिले, चेलोवर बर्नार्ड ग्रीनहाऊस. प्रेस्लरही जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू. हा मेळ 2008 पर्यंत, म्हणजे 53 वर्षे चालला. व्हायोलिनवाले बदलले, चेलोवाले बदलले. पियानोवर मात्र अखेरपर्यंत प्रेस्लरच. लोक याचे श्रेय त्यांच्या प्रतिभेला देतात, ते द्यावेच. परंतु 1955 पासूनच प्रेस्लर इंडियाना विद्यापीठात शिकवीत होते, हे कोणी फारसे सांगत नाही. दौरा पडला, मैफल फसली, जोडीदार सोडून गेला, तरी महिन्याचा पगार ठरलेला. कायम नोकरीमुळे माणूस आळशी होतो असे मालकवर्ग आम्हाला नेहमी ऐकवीत आला आहे. त्याला हे 53 वर्षांचे उत्तर आहे.

गंमत अशी की 1957 साली कौफमान याच विद्यापीठात प्राध्यापक म्हणून दाखल झाले. मुंबईत बारा वर्षांत कान देऊन जे गोळा केले होते, त्याला तेथे निवांतपणा मिळाला आणि 1968 साली उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. आपल्या रागांवरचे पुस्तक आपल्या शहरात बसून पुरे करण्याची सोय त्यांना मिळाली नाही. 1984 साली ते वारले. मेहली 2002 पर्यंत जगले. लॉस एंजेलिसला 1964 साली त्यांनी तरुण वादकांचा वाद्यवृंद उभारला होता आणि तेथल्या मुलांना ते शिकवीत राहिले.

मुंबईत 2006 साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. या वेळी वादकांच्या मानधनाची तजवीज आधी करण्यात आली. पण ज्या शहरात सत्तर वर्षांपूर्वी दर गुरुवारी हे संगीत वाजत होते, तेथे त्या वाद्यवृंदासाठी पुष्कळ वादक कझाकस्तानातून आणावे लागले.