अनध्याय, सुट्टी आणि गैरहजेरी : शाळेतील धर्मदिनाचा प्रश्न

धार्मिक आचारासाठी मुलाला एखादा दिवस शाळेत न पाठविता घरी ठेवणे ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, तिला काही इतिहास असेल असे सहसा वाटत नाही. परंतु शाळेवाचून जाणाऱ्या ह्या दिवसासाठी मराठीत चार शब्द आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. अनध्याय असतो, सुट्टी मिळते, रजा मागावी लागते, आणि गैरहजेरी मांडली जाते. पहिला शब्द संस्कृत आहे. दुसरा 'सुटणे' ह्या रोजच्या क्रियापदाशी नाते सांगतो. तिसरा मूळ अरबी असून त्याचा मूळ अर्थ 'संतोष, संमती' असा आहे. चौथ्याची दोन्ही अंगे अरबी असून तो फारसीच्या द्वारे दफ्तरी भाषेत आला आहे. शब्दांच्या ह्या कुळांपेक्षा त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे अधिक बोलकी आहेत. दिवस पवित्र आहे हे कोणी ठरवावयाचे आणि त्या दिवशी अध्ययनाचे काय व्हावयाचे, ह्या प्रश्नांची निरनिराळी उत्तरे त्यांत दडलेली आहेत.

प्रथम अनध्यायाचा विचार करू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वेदाध्ययन कोणत्या प्रसंगी थांबवावे ह्याची विस्तृत यादी आहे. गौतम आणि आपस्तंब ह्यांची धर्मसूत्रे आणि याज्ञवल्क्यस्मृती ह्यांतही असे नियम आढळतात. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी आणि चतुर्दशी ह्या तिथी वर्ज्य होत्या. मेघगर्जना, धुळीचे वादळ, कोल्ह्यांची ओरड, ग्रहण, श्राद्धभोजन अशी इतरही अनेक कारणे होती. अमावास्येस केलेले अध्ययन गुरूचा नाश करते, चतुर्दशीस केलेले शिष्याचा, आणि अष्टमी व पौर्णिमेस केलेले अध्ययन विद्येचाच, असे मनुस्मृती बजावते. वाल्मीकिरामायणाच्या सुंदरकांडात कृश झालेल्या सीतेला प्रतिपदेस अभ्यास करणाऱ्याच्या क्षीण विद्येची उपमा दिली आहे. त्यावरून हा निषेध शास्त्रग्रंथांबाहेरही किती रुळलेला होता ते दिसते. भवभूतीच्या उत्तररामचरिताच्या चौथ्या अंकात थोर अतिथी आश्रमात आल्यामुळे अनध्याय होतो आणि वाल्मीकींचे शिष्य आनंदित होतात. विद्यार्थ्यांचा स्वभाव ह्या बाबतीत फारसा बदललेला नाही.

ह्या व्यवस्थेत 'गैरहजर' ही कल्पनाच उद्भवत नाही, हा तिचा विशेष होय. अनध्यायाच्या दिवशी शिष्य अध्ययनाला मुकत नाही. अध्ययनच थांबलेले असते. गुरूही त्याच नियमाने बांधलेला असल्यामुळे कोणी कोणाकडे रजा मागत नाही. श्राद्धभोजनासारखी काही कारणे व्यक्तिगत असली, तरी तेथेही गुरूची संमती नव्हे, तर शास्त्राचा नियमच निर्णायक ठरतो. मात्र ह्या सुसंगतीची किंमत विसरता येत नाही. ही व्यवस्था मुख्यतः वेदाध्ययनापुरती आणि उपनयनाचा अधिकार असलेल्या मुलांपुरती होती. शूद्रातिशूद्रांची मुले आणि बहुतेक सर्व मुली तेथे गैरहजर नव्हत्या, कारण त्यांच्या हजेरीची अपेक्षाच नव्हती. ज्याचे नाव पटावर आहे त्याचीच गैरहजेरी लागू शकते. गैरहजेरीचा शेरा हा अशा रीतीने हजेरीच्या हक्काचा उलट बाजूने दिलेला पुरावा आहे.

हा हक्क आणि त्याबरोबर येणारी सक्ती ज्या देशात धर्मदिनाच्या प्रश्नाशी प्रथमच स्पष्ट कायदेशीर भाषेत समोरासमोर आली, त्यांत इंग्लंडचे उदाहरण अभ्यासनीय आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील प्राथमिक शाळा मोठ्या प्रमाणावर धर्मसंस्थांच्या हाती होत्या. १८११ साली स्थापन झालेली नॅशनल सोसायटी इंग्लंडच्या अधिकृत चर्चची पाठराखण करीत होती, तर ब्रिटिश अँड फॉरिन स्कूल सोसायटीला त्या चर्चबाहेरील प्रॉटेस्टंट पंथांचा आधार होता. ज्या खेड्यात एकच शाळा आणि तीही अधिकृत चर्चची, तेथे इतर पंथांच्या पालकांपुढे पेच उभा राही : शाळा पाहिजे तर चर्चची प्रश्नोत्तरीही मुलाच्या मुखी येणार. फॉर्स्टर ह्यांनी फेब्रुवारी १८७० मध्ये मांडलेल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संमत झालेल्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने ह्यावर तोड काढली. त्याच्या सातव्या कलमाने पालकास दोन प्रकारची मोकळीक दिली. मुलाला धर्मशिक्षणातून आणि उपासनेतून काढून घेता येईल, ही पहिली. पालक ज्या धर्मसंस्थेचा आहे त्या संस्थेने धार्मिक आचरणासाठी केवळ राखून ठेवलेल्या दिवशी मुलाला शाळेत येण्याची अट घालता येणार नाही, ही दुसरी. ह्याच कायद्याने स्थानिक शाळामंडळांना ५ ते १३ वर्षांच्या मुलांवर हजेरीची सक्ती करण्याचा अधिकार दिला, आणि ह्या सक्तीलाही हीच मर्यादा घातली. पुढे १८८० च्या कायद्याने हजेरीची सक्ती सर्वत्र लागू झाली.

ह्या दुसऱ्या मोकळिकीची शब्दरचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्यात तीन अटी आहेत. दिवस 'राखून ठेवलेला' असला पाहिजे, म्हणजे तो राखणारा कोणी कर्ता असला पाहिजे. तो कर्ता 'धर्मसंस्था' असला पाहिजे; पालक स्वतः किंवा त्याचे कुटुंब नव्हे. आणि दिवस 'केवळ' धार्मिक आचरणासाठी असला पाहिजे. ह्या तिन्ही अटी ख्रिस्ती पंथांचे, विशेषतः अधिकारमंडळ, सभासदत्व आणि छापील धर्मपंचांग असलेल्या चर्चचे, चित्र डोळ्यांपुढे ठेवून घडविलेल्या दिसतात. त्या चौकटीत मुलाला स्वतःचा धर्म नाही. त्याचा धर्म पालकाच्या द्वारे ओळखला जातो, आणि पालकाचा धर्म संस्थेच्या द्वारे.

गंमत अशी की, ह्या शब्दांची गाजलेली कसोटी अल्पसंख्य पंथाच्या नव्हे, तर खुद्द अधिकृत चर्चच्या सणावरून लागली. नाताळ व गुड फ्रायडे ह्या दिवशी शाळा बंदच असत, आणि रविवारचा प्रश्न नव्हता. परंतु ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा दिवस नेहमी गुरुवारी येतो. त्या दिवशी मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांवर खटले झाले आणि १९०७ साली 'मार्शल विरुद्ध ग्रॅहम' ह्या प्रकरणात वरिष्ठ न्यायालयापुढे प्रश्न आला. ज्या चर्चला राज्याने अधिकृत ठरविले आहे, ते राज्याचाच एक भाग की 'धर्मसंस्था'? चर्च अधिकृत झाले म्हणून ते राज्याचे खाते बनत नाही, असे न्यायमूर्ती फिलिमोर ह्यांनी प्रतिपादिले. स्वर्गारोहणदिन हा कायद्याच्या अर्थाने राखीव धर्मदिन ठरला. राज्याचा धर्म आणि राज्याची शाळा ह्या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे अशा रीतीने एका दिवसाच्या गैरहजेरीवरून स्पष्ट करावे लागले.

१९४४ च्या शिक्षण कायद्याने ही मोकळीक जवळजवळ त्याच शब्दांत पुढे चालविली, आणि इंग्लंड व वेल्सला लागू असलेल्या १९९६ च्या कायद्याच्या ४४४ व्या कलमात ती आजही आहे. मधल्या काळात मात्र त्या देशातील शाळांचे पट बदलले. भारतीय उपखंडातून, पूर्व आफ्रिकेतून आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांची मुले तेथे शिकू लागली. १९३२ पासून लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ असलेला मराठी समाजही त्यांत आहे. १८७० चे शब्द आता अशा आचारांना लावावे लागले, ज्यांची घडण वेगळी होती.

गणेशचतुर्थीचे उदाहरण घेऊ. २०२३ साली ती १९ सप्टेंबरला, मंगळवारी, म्हणजे इंग्लंडमधील शाळेच्या नव्या वर्षाच्या प्रारंभीच आली. त्या दिवशी मूल घरी ठेवणाऱ्या मराठी पालकाची 'धर्मसंस्था' कोणती? दिवस पंचांगाने ठरतो, आणि गणपती दीड दिवसाचा, पाच दिवसांचा की गौरींबरोबर जाणारा, हे कुळाचाराने ठरते. देवळाचे विश्वस्त किंवा मंडळाचे कार्यवाह दाखला देऊ शकतील. परंतु तो दिवस त्यांनी राखलेला नाही. दिवस 'केवळ' आचारासाठी आहे काय, ह्याचे उत्तरही सरळ देता येत नाही, कारण प्राणप्रतिष्ठा व पूजा झाल्यावर इतर कामांना सर्वत्र बंदी असतेच असे नाही. पंचांगांतही एकवाक्यता नसते. २०२४ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, ह्यावर पंचांगकर्त्यांत मतभेद झाला होता. इस्लामी धर्माचाराचीही अडचण थोडी अशीच आहे. ईदचा दिवस चंद्रदर्शनावर अवलंबून असल्याने दोन मशिदींत तो वेगळा पडू शकतो. आणि शुक्रवारच्या नमाजानंतर उपजीविकेच्या कामाला लागण्याची मोकळीक कुराणाच्या ६२ व्या सूरेतच असल्यामुळे शुक्रवार हा 'केवळ' उपासनेचा दिवस म्हणता येत नाही.

व्यवहारात ह्या अडचणी बव्हंशी समजुतीने सोडविल्या जातात. इंग्लंडमधील शाळांच्या हजेरीपटावर धार्मिक आचरणासाठी स्वतंत्र चिन्ह असून अशी गैरहजेरी अधिकृत मानली जाते. मात्र संशय असल्यास दिवस खरोखर राखलेला आहे की नाही हे पालकाच्या धर्मसंस्थेकडे विचारावे, असे शासकीय मार्गदर्शन सांगते. म्हणजे प्रश्न पुन्हा त्याच कर्त्यापाशी येऊन थांबतो.

२०१७ साली ह्या तरतुदीचे महत्त्व वाढले. 'आयल ऑफ वाइट कौन्सिल विरुद्ध प्लॅट' ह्या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे धर्माचा प्रश्न नव्हता. सत्राच्या मध्येच मुलीला सहलीला नेणाऱ्या पालकाचा होता. वाद एका क्रियाविशेषणाचा होता. मुलाने शाळेत 'नियमितपणे' जावे, ह्याचा अर्थ ठराविक अंतराने, पुरेशा वेळा, की नियमांनुसार? न्यायालयाने तिसरा अर्थ स्वीकारला. 'पुरेशा वेळा' हा अर्थ घेतला असता वर्षातील एकदोन धर्मदिनांसाठी वेगळी तरतूद जवळजवळ निरर्थक ठरली असती. 'नियमांनुसार' हा अर्थ घेतल्यावर मात्र विनापरवाना एक दिवसही अपराधाचा होऊ शकतो, आणि पालक व अपराध ह्यांच्यामध्ये १८७० चे ते एक वाक्य उभे राहते. पंचांग मानणाऱ्या कुटुंबासाठी त्या वाक्यातील 'धर्मसंस्था' हा शब्द म्हणूनच केवळ कुतूहलाचा विषय नाही.

हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले ह्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढल्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. त्या विधेयकापुढे इंग्लंड व आयर्लंड येथील कायद्यांचे नमुने होते. १८७० च्या सातव्या कलमाचे दोन भाग डोळ्यांपुढे ठेवून भारताची राज्यघटना पाहिली, तर एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या भागाचे, म्हणजे धर्मशिक्षण व उपासना ह्यांतून अलिप्त राहण्याच्या मोकळिकीचे, प्रतिरूप अनुच्छेद २८(३) मध्ये आहे. दुसऱ्या भागाचे, म्हणजे राखीव धर्मदिनाचे, प्रतिरूप तेथे नाही. ते काम भारतात सुट्ट्यांच्या यादीने केले. निरनिराळ्या धर्मांचे प्रमुख सण सर्वांनाच सुट्टीचे करून गैरहजेरीचा प्रश्न बराचसा टाळला गेला. ह्या उपायात अनध्यायाची छाया आहे : एकाच्या सणाला सर्वांचे अध्ययन थांबते. परंतु त्यालाही मर्यादा आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या अधिनियमाने पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरविले. यादी अमर्याद वाढू शकत नाही, आणि ज्याचा सण यादीत नाही त्याच्यापुढे रजेचा अर्जच उरतो.

तेव्हा ह्या चार शब्दांपैकी कोणताही एक शब्द निर्दोष नाही. अनध्यायात कोणाचाही पाठ बुडत नव्हता, पण पाठ मोजक्यांनाच होता. सुट्टी सर्वांना मिळते, पण ती संख्येकडे पाहून दिली जाते. रजा व्यक्तीला मिळते, पण देणाऱ्याच्या संमतीने. आणि ती नाकारली गेली की उरते ती गैरहजेरी. इंग्लंडच्या कायद्याने रजेला हक्काचे रूप देण्याचा प्रयत्न केला, आणि तेवढ्यासाठी धर्माला संस्थेचे रूप द्यावे लागले. त्या हक्कानेही एक गोष्ट साधलेली नाही. तो पालकाला दंडातून सोडवितो. त्या दिवशी वर्गात झालेला पाठ मुलाला परत देत नाही. दुसऱ्या दिवशी तो पाठ मुलाला कोणी द्यावयाचा, हा प्रश्न शिक्षकाच्या सौजन्यावर सोडून दिलेला आहे, आणि सक्तीच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांना तो टाळता येण्यासारखा नाही.