धक्के आले होते, सांगावा आला नाही

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून दमलेली सास्तूर-किल्लारीकडची कितीतरी माणसं झोपेतच दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली.

वर्षभर आधी, ऑक्टोबर १९९२ मध्येही, किल्लारीला धक्के बसले होते. भूकंपाची वेळ कुणालाच सांगता येत नाही. पण ‘मातीत रचलेल्या या जड भिंती जीवघेण्या आहेत, मजबूत करून घ्या’ एवढं तरी घरोघरी सांगता आलं असतं.

आता विजेचा, पुराचा इशारा मोबाईलवर येतो. पण फोन नसलेल्या आजीचं काय? पूर्वी दवंडी गल्लीगल्लीत फिरायची. म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत ठरवूया: इशारा आला की कुणी कुणाचं दार वाजवायचं आणि सगळ्यांनी कुठं जायचं.