हार्डलीच्या पोटातले कष्ट

इंग्रजीच्या वह्या तपासताना एक वाक्य मला दर वर्षी भेटतं : 'माय फादर वर्क्स हार्डली.' मुलीला सांगायचं असतं की बाबा खूप राबतात; कागदावर मात्र बाबा फारसं काम करतच नाहीत. मी तो 'ली' खोडते, पण हात जड होतो. एके काळी हार्डलीचा अर्थ तिच्या मनातल्या अर्थाच्या अगदी जवळ होता.

या 'ली'चं मूळ देहात आहे. जुन्या इंग्रजीत 'लीच' म्हणजे शरीर. अंत्यविधीला आलेले लोक चर्चच्या आवाराच्या ज्या छपरी दाराखाली पाद्र्याची वाट पाहत थांबत, त्याला इंग्लंडात अजून लिचगेट म्हणतात. देहावरून रूप, रूपावरून 'च्यासारखा' असा अर्थ सरकत गेला. लाइक आणि ली ही दोन्ही त्याच घरातली. फ्रेंचमध्ये हेच काम करणारा प्रत्यय मात्र लॅटिनमधल्या 'मन' या शब्दातून आला. क्रियेची रीत सांगायला एकीनं देह घेतला, दुसरीनं मन. मला हे फार सुंदर वाटतं.

पूर्वी विशेषणाच्या शेवटी नुसता 'ए' लावूनही क्रियाविशेषण होई. मध्ययुग सरता सरता तो 'ए' उच्चारातून गळाला आणि क्रियाविशेषण 'हार्ड' विशेषणासारखंच दिसू लागलं. फास्टचंही तेच झालं.

शेजारी हार्डली होताच. त्याचा अर्थ आधी जोरानं, धीटपणे, मग कष्टानं. १६११च्या इंग्रजी बायबलात श्रीमंताच्या स्वर्गप्रवेशाबद्दल हार्डली येतो, तो 'मोठ्या कष्टानं' या अर्थानं. जे कष्टानं होतं ते जवळजवळ होतच नाही, या वाटेनं तो नकाराकडे झुकला. आपणही 'मुश्किलीनं दहा माणसं होती' म्हणतो, तेव्हा मोजणाऱ्याला कसले कष्ट पडलेले नसतात. माणसं कमी होती, एवढंच.

बेअरली त्याचा जुळा वाटतो, पण त्याचं कूळ वेगळं. बेअर म्हणजे उघडं. उघडपणे, मग नुसतं तेवढंच, मग जेमतेम. म्हणून त्याचा कल होकाराकडे. गाडी 'बेअरली' मिळाली असं सांगणारा धापा टाकत का होईना, गाडीत बसलेला असतो.