मुरमांचे वण : उपचारांचा इतिहास आणि बदलती दृष्टी

प्रस्तावना

मुरूम हा तारुण्यात बहुतेकांना कमीअधिक प्रमाणात होणारा त्वचाविकार आहे. बहुसंख्य व्यक्तींच्या बाबतीत तो काही वर्षांत ओसरतो. काहींच्या चेहऱ्यावर मात्र त्याच्या खुणा कायम राहतात. मराठीत ‘व्रण’ आणि ‘वण’ हे एकाच मुळातून आलेले दोन शब्द आहेत. ‘व्रण’ म्हणजे जखम आणि ‘वण’ म्हणजे जखम भरल्यानंतर मागे उरलेली खूण, असा भेद सर्वसाधारणपणे केला जातो. वैद्यकाच्या इतिहासात या दोन अवस्थांकडे सारखे लक्ष दिले गेलेले नाही. मुरूम हा रोग मानला गेला, परंतु त्याच्या वणांना दीर्घकाळ केवळ सौंदर्याचा प्रश्न समजले गेले. प्रस्तुत लेखात मुरमांच्या वणांवरील उपचारांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. वण पुसून टाकण्याच्या प्रत्येक प्रयत्नाने काही रुग्णांना नवी इजा केली आणि खरी प्रगती वण टाळण्यातून व उपचारांची मर्यादा मान्य करण्यातून झाली, असे या आढाव्यातून दिसून येते.

प्राचीन भारतीय वैद्यकातील विचार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ४४ क्षुद्ररोगांचे वर्णन आले आहे. त्यांत तरुणांच्या मुखावर उद्भवणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्यांचा समावेश असून त्यांना ‘मुखदूषिका’ अथवा ‘यौवनपिडका’ म्हटले आहे. कफ, वात आणि रक्त यांच्या दुष्टीतून हा विकार होतो, असे तेथे प्रतिपादन केले आहे. चिकित्सास्थानात त्यावर वमन, तसेच वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सांगितला आहे.

वणांच्या दृष्टीने मात्र त्याच संहितेतील व्रणचिकित्सेचे विवेचन अधिक महत्त्वाचे ठरते. सुश्रुताने व्रणाचे ६० उपक्रम सांगितले आहेत. त्यांत खोलगट व्रण वर आणणारे ‘उत्सादन’, उंचावलेला व्रण खाली बसविणारे ‘अवसादन’, पांढुरक्या पडलेल्या जागेला काळसर वर्ण देणारे ‘कृष्णकर्म’ आणि काळवंडलेल्या जागेचा वर्ण उजळविणारे ‘पांडुकर्म’ यांचा अंतर्भाव आहे. जखम भरली म्हणजे वैद्याचे काम संपले असे येथे मानलेले नाही. त्वचेची पातळी आणि तिचा वर्ण पूर्ववत करणे हाही चिकित्सेचाच भाग आहे. आजच्या त्वचावैद्यकातही वणांचा विचार खोलगटपणा, उंचवटा व वर्णबदल या तीन अंगांनीच केला जातो. अर्थात, या साम्यावरून प्राचीन व आधुनिक उपचार एकच होते असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रश्नाची मांडणी जुनी आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

देवीचे वण आणि मुरमांचे वण

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय समाजाला खड्डे पडलेल्या चेहऱ्यांची ओळख प्रामुख्याने देवीच्या रोगामुळे होती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस यशस्वीपणे टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी लस होय. त्यानंतर रोगाचे उच्चाटन होण्यास पावणेदोन शतके लागली आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला. मराठीत या रोगाचे नावच देवतेचे होते आणि लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’ असे म्हटले जाई. त्यामुळे त्या वणांमागे दैवी कोप वा साथ असे एक सामायिक कारण उभे होते. ज्याच्या चेहऱ्यावर ते असत, त्याला त्याबद्दल सहसा जबाबदार धरले जात नसे.

मुरमांच्या वणांना असे आवरण लाभले नाही. तेलकट खाणे, अस्वच्छता, उष्ण प्रकृती, हाताळण्याची सवय अशी कारणे व्यक्तीच्याच वागणुकीत शोधली जातात. देवीचे वण असलेली पिढी मागे पडत गेली, तसा खड्डे पडलेला चेहरा दुर्मीळ झाला आणि म्हणूनच अधिक लक्ष वेधून घेऊ लागला. असे असूनही चेहऱ्यावरील वण कर्तृत्वाच्या आड येतातच असे नाही. अभिनेते ओम पुरी यांच्या चेहऱ्यावर बालपणी आलेल्या देवीचे वण होते. श्री. दा. पानवलकर यांच्या मराठी कथेवर आधारित आणि विजय तेंडुलकर यांची पटकथा असलेल्या ‘अर्धसत्य’ (१९८३) या चित्रपटातील त्यांच्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. तथापि अशी उदाहरणे अपवादात्मक असल्यामुळेच स्मरणात राहतात, हेही लक्षात घ्यावे लागते.

आम्ल, क्ष-किरण आणि तारेचा ब्रश

आधुनिक उपचारांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत झाला. १८८२ मध्ये पॉल गेर्सन उना यांनी सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फीनॉल व ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल यांच्या त्वचेवरील परिणामांचे वर्णन केले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉर्ज मॅकी यांनी मुरमांच्या वणांवर फीनॉलचा वापर सुरू केला. त्यांचे निष्कर्ष मात्र १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्वचेचा वरचा थर जाळून खालून नवी त्वचा येऊ द्यावी, हे या उपचारामागील तत्त्व होते. परंतु फीनॉल रक्तात शोषले गेल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते आणि उपचार केलेली जागा कायमची पांढुरकी पडू शकते, हे अनुभवाने समजले.

१९०५ मध्ये एर्न्स्ट क्रोमायर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी दंतवैद्यकातील फिरत्या उपकरणांनी त्वचा घासण्याची पद्धत मांडली. त्वचेच्या खोल थराला धक्का न लावल्यास नवा वण उमटत नाही, हे त्यांचे निरीक्षण पुढील सर्व यांत्रिक उपचारांचा पाया ठरले. १९५३ मध्ये न्यूयॉर्कचे ॲबनर कुर्टिन यांनी शीतद्रव्याने त्वचा गोठवून तिच्यावर वेगाने फिरणारा तारेचा ब्रश वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ‘डर्माब्रेजन’ या नावाने ती काही दशके प्रमुख उपचार म्हणून मान्यता पावली.

याच काळात मुरमांवर क्ष-किरणांचाही सर्रास वापर होत होता. किरणांमुळे तैलग्रंथी आक्रसत आणि मुरूम कमी होत, त्यामुळे रुग्ण व वैद्य दोघेही समाधानी असत. दुष्परिणाम दिसण्यास मात्र अनेक वर्षे लागली. किरणांनी पातळ व कोरडी झालेली त्वचा, त्वचेचा कर्करोग आणि थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग यांचा संबंध या उपचाराशी जोडला गेल्यानंतर तो मागे पडला. जिवाला धोका नसलेल्या विकारावर जिवाला धोका असलेला उपचार केला गेला, ही या प्रकरणातील गंभीर बाब होय. वणांना क्षुल्लक मानणारी वैद्यकीय दृष्टी आणि ते असह्य मानणारी सामाजिक दृष्टी यांच्या विसंगतीतून असे उपचार पुढे आले.

प्रतिबंधाकडे वळण

मुरमात केशकूप तेल व मृत पेशींनी बंद होतो. तेथे ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ (२०१६ पूर्वीचे नाव ‘प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस’) हा जीवाणू वाढतो आणि दाह निर्माण होतो. केशकूपाची भिंत फुटल्यावर दाह खोल थरात पसरतो आणि तेथील कोलॅजेन तंतूंचा नाश करतो. भरपाई अपुरी झाली तर खड्डा पडतो आणि गरजेपेक्षा जास्त झाली तर उंचवटा येतो. मुरमांचे बहुतांश वण खोलगटच असतात. म्हणजेच वणाचे मूळ मुरमाच्या संख्येपेक्षा दाहाच्या तीव्रतेत व कालावधीत असते.

या आकलनाला दोन घटनांनी बळ दिले. १९८२ मध्ये अमेरिकेत आयसोट्रेटिनॉइन या औषधाला मान्यता मिळाली आणि तीव्र मुरूम प्रथमच मुळापासून आटोक्यात आणणे शक्य झाले. गर्भावर होणाऱ्या गंभीर दुष्परिणामांमुळे ते कठोर देखरेखीखालीच द्यावे लागते. १९९४ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथील लेटन व सहकाऱ्यांनी १८५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. योग्य उपचार सुरू होण्यास तीन वर्षांपर्यंत झालेला विलंब आणि वणांचे प्रमाण यांचा संबंध त्यांनी दाखवून दिला. ‘वय सरले की मुरूम जातील’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला मुरमांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरा असला, तरी वणांच्या बाबतीत तो हानिकारक ठरू शकतो, असा त्याचा अर्थ होतो.

अलीकडील उपचार आणि भारतीय त्वचा

१९९५ मध्ये ओरेनट्राइक यांनी ‘सबसिजन’ ही पद्धत मांडली. खड्ड्याला खाली ओढून धरणारे तंतू सुईने तोडणे, असे तिचे स्वरूप आहे. २००१ मध्ये खोलगट वणांचे आइसपिक (अरुंद व खोल), बॉक्सकार (उभ्या कडांचे) आणि रोलिंग (उथळ व लाटांसारखे) असे वर्गीकरण पुढे आले. २००२ मध्ये कोरियातील संशोधकांनी अरुंद खड्ड्यांत तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचा बिंदू टाकण्याची पद्धत प्रसिद्ध केली. २००४ मध्ये त्वचेवर सूक्ष्म अंतरा-अंतराने किरण टाकणारी ‘फ्रॅक्शनल’ लेसर संकल्पना मांडली गेली. सूक्ष्म सुयांच्या उपचारपद्धतीही याच काळात रूढ झाल्या. सगळा थर काढून टाकण्याऐवजी सभोवतालची त्वचा शाबूत ठेवून थोडी-थोडी इजा करणे, हे या नव्या पद्धतींमागील तत्त्व आहे.

भारताच्या संदर्भात या बदलाला विशेष महत्त्व आहे. आरंभीच्या बहुतेक पद्धती युरोप-अमेरिकेतील गोऱ्या त्वचेवर विकसित झाल्या. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या त्वचाप्रकारांच्या वर्गीकरणातही आरंभी गोऱ्या त्वचेचेच भेद होते आणि सावळ्या व काळ्या त्वचेसाठीचे प्रकार नंतर जोडले गेले. सावळ्या त्वचेत कोणत्याही दाहानंतर काळे डाग उमटण्याची प्रवृत्ती अधिक असते. त्यामुळे खोल आम्लोपचार, डर्माब्रेजन किंवा तीव्र लेसर यांनी खड्डा थोडा भरला तरी डाग वाढण्याचा धोका राहतो. काळा डाग आणि खड्डा हे दोन भिन्न प्रश्न आहेत, हेही अनेकदा दुर्लक्षित राहते. डाग काही महिन्यांत आपोआप फिकट होऊ शकतो, खड्डा मात्र मलमाने भरत नाही. या गोंधळातून स्टेरॉइडमिश्रित मलमांचा गैरवापर फोफावला. त्यांनी चेहरा तात्पुरता उजळतो, परंतु त्वचा पातळ होते आणि मुरूम बळावतात. २०१८ मध्ये भारत सरकारने त्वचेवर लावण्याच्या १४ स्टेरॉइड औषधांचा ‘अनुसूची एच’मध्ये समावेश करून ती वैद्यकीय चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

सावधगिरीचे नियमही कालांतराने तपासावे लागतात. आयसोट्रेटिनॉइन घेतलेल्या काही रुग्णांना डर्माब्रेजननंतर असाधारण वण आल्याची नोंद १९८६ मध्ये झाली आणि औषध थांबविल्यानंतर सहा महिने ते एक वर्ष कोणताही उपचार करू नये, असा प्रघात पडला. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी पुराव्यांचा फेरआढावा घेतला. डर्माब्रेजन आणि संपूर्ण थर काढणारे लेसर यांबाबतची सावधगिरी कायम ठेवून सौम्य आम्लोपचार व फ्रॅक्शनल लेसर यांसाठी एवढी प्रतीक्षा करण्यास पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

समारोप

मुरमांच्या वणांवरील उपचारांच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वण पूर्णपणे नाहीसे करणारा उपचार आजही उपलब्ध नाही. निरनिराळ्या पद्धतींचा मेळ घालून, अनेक महिन्यांत, वण उथळ करता येतात एवढेच. दुसरी, दाहावर वेळीच केलेला साधा उपचार नंतरच्या खर्चिक उपचारांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतो. तिसरी, उपचार निवडण्यापूर्वी तो कोणत्या त्वचेवर तपासला गेला आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

वण निर्माण होण्याचा काळ हा बहुधा विद्यार्थिदशेचाच काळ असतो. शेवटच्या बाकावर बसणारा, छायाचित्र टाळणारा किंवा व्यासपीठावर येण्यास नकार देणारा विद्यार्थी कधीकधी याच कारणाने मागे राहिलेला असू शकतो. त्याला ‘हे किरकोळ आहे’ असे सांगणे आणि ‘हे पूर्ण जाईल’ असे आश्वासन देणे, या दोन्ही गोष्टी इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. वेळीच त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला देणे आणि उरलेल्या वणांसह त्याला वर्गात त्याचे स्थान मिळवून देणे, हे मात्र शिक्षणसंस्थेच्या हाती निश्चितच आहे.