गंधाचा समय : स्त्रियांच्या सुगंधवापराचे ऋतू, प्रसंग आणि निर्बंध

प्रस्तावना

भारतातील सुगंधी द्रव्यांचा इतिहास आजवर प्रामुख्याने द्रव्यांचाच इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. चंदन कोठून येई, कस्तुरीची पारख कशी करीत, दरबारात कोणते विलेपन मान्य होते, या प्रश्नांचा अभ्यासकांनी परिश्रमपूर्वक शोध घेतला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांचे या विषयावरील लेख पायाभूत होत. परंतु सुगंध कोणी, केव्हा लावावा आणि केव्हा लावू नये, हा प्रश्न या अभ्यासात काहीसा बाजूलाच राहिला. स्त्रियांच्या बाबतीत तर तोच मुख्य प्रश्न आहे. सुगंध सिद्ध करण्याची विद्या स्त्रीकडे होती, पण तो लावण्याचा समय तिच्या हाती नव्हता, असे साधनांवरून दिसून येते. प्रस्तुत निबंधात या विसंगतीचा विचार केला आहे.

ऋतुमान

सुगंधाचा सर्वांत जुना आणि सर्वांत निरुपद्रवी नियम ऋतूंचा होय. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथातील ऋतुचर्येत हेमंतात केशर-कस्तुरीचा लेप व अगरूचा धूप, ग्रीष्मात चंदन, वर्षाकाळी धूपविलेली वस्त्रे आणि शरदात चंदन, वाळा व कापूर सांगितला आहे. उष्ण द्रव्ये थंडीत, शीत द्रव्ये उन्हाळ्यात असा हा सरळ वैद्यकीय हिशेब आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथातही विलेपनाचा उपभोग ऋतूंना धरूनच वर्णिला आहे. अर्थात तेथे भोक्ता राजा आहे. अत्तरांच्या व्यापारातही हा हिशेब टिकून राहिला. हिना व शमामा ही अत्तरे थंडीची, तर वाळा, गुलाब, केवडा व मोगरा ही उन्हाळ्याची मानली जातात.

मराठी घरांत हेच ज्ञान ग्रंथांवाचून नांदत आले. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी आणि वेणीत मोगरा, चैत्रात दवणा, भाद्रपदात गौरींच्या सुमारास केवड्याचे पान, नरकचतुर्दशीच्या पहाटे नागरमोथा, गव्हला-कचोरा, आंबेहळद व चंदन घातलेले उटणे, असा हा क्रम आहे. या नियमांत स्त्री-पुरुष भेद फारसा नाही. भेद सुरू होतो तो ऋतूंचा प्रांत संपून नात्यांचा प्रांत सुरू झाल्यावर.

विद्या तिची, वेळ पतीची

वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त स्त्रीने शिकावयाच्या चौसष्ट कलांमध्ये ‘गंधयुक्ती’ म्हणजे सुगंधी मिश्रणे सिद्ध करण्याची कला समाविष्ट आहे. ही कला सामान्य नव्हे. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’च्या गंधयुक्ती अध्यायात सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून, त्यांची प्रमाणे बदलत १,७४,७२० सुगंध होतात असा हिशेब मांडला आहे. (सोळांतून चार निवडण्याचे १,८२० प्रकार आणि प्रत्येकाचे ९६ भेद. गणिताच्या अध्यापकांनी हा अध्याय मुद्दाम पाहावा.) ‘कामसूत्रा’तील गृहिणी परसात जाई-मोगऱ्यासारख्या फुलझाडांबरोबर वाळाही लावते आणि दुर्मीळ गंधद्रव्यांचा साठा घरात गुप्तपणे जपून ठेवते. म्हणजे लागवड, साठवण आणि मिश्रण ही तिन्ही कामे तिच्याकडे होती.

लावण्याचा प्रसंग मात्र पतीशी बांधलेला आहे. पतीकडे जाताना पुष्कळ अलंकार, नाना प्रकारची फुले व अंगराग. त्याच्यासमवेत विहाराला जाताना तलम वस्त्र, मोजके दागिने, पांढरी फुले आणि फार उग्र नसलेले अनुलेपन, असे दोन वेष वात्स्यायनाने सांगितले आहेत. दाट सुगंध एकांतासाठी आणि हलका सुगंध बाहेरच्यासाठी, हा विवेक सूक्ष्म आहे, यात शंका नाही. तथापि या दोन्ही प्रसंगी पती उपस्थित आहे. तो प्रवासास गेला की याज्ञवल्क्यस्मृती पत्नीला क्रीडा, शरीरसंस्कार आणि उत्सवदर्शन वर्ज्य करते.

पती निवर्तल्यावर हा तात्पुरता निषेध कायमचा होतो. स्कंदपुराणातील काशीखंडात विधवेने अंगाला उटणे लावू नये व गंधद्रव्याचा उपभोग घेऊ नये, असे स्पष्टपणे म्हटले आहे. त्याच्याच जोडीला केशवपनाचा आचार असल्याने वेणीतील फुलाचाही प्रश्न उरत नसे. ज्या स्त्रीने आयुष्यभर गंधद्रव्ये सांभाळली, तिनेच त्यांना स्पर्श करू नये, हा या विधानाचा व्यावहारिक अर्थ होतो. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकात, विधवेला लागू होणारे नियम विधुराला का नाहीत, असा जो रोकडा सवाल केला, तो या निषेधालाही तितकाच लागू पडतो.

श्रेयाचा प्रश्न

विद्येचे श्रेय तरी स्त्रीला मिळाले काय? मराठी ग्रंथसंपदेतील एक उदाहरण येथे महत्त्वाचे आहे. गंगाधरकृत ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह असलेला ‘गंधवाद’ हे दोन ग्रंथ गोडे यांनी हस्तलिखितांतून उजेडात आणले व पुढे १९८९ मध्ये ते बडोद्याहून प्रसिद्ध झाले. सुगंधनिर्मितीवर मध्ययुगात मराठीतून टीका लिहिली जाते, यावरून संस्कृत न जाणणाऱ्या कारागिरांना वा गृहस्थांना या ज्ञानाची गरज होती, असे अनुमान करण्यास हरकत नाही. परंतु ‘गंधसारा’च्या आरंभी या शास्त्राचे लाभ सांगताना देवपूजा आणि राजांचा संतोष यांच्याबरोबर स्त्री येते ती जिचे चित्त प्रसन्न करावयाचे अशी रसिक वनिता म्हणून. गंधयुक्ती जाणणारी स्त्री तेथे दिसत नाही.

मोगल दरबारातील वृत्तांत याहून बोलका आहे. जहांगीर (कारकीर्द १६०५–१६२७) आपल्या आत्मवृत्तात गुलाबाच्या अत्तराचे श्रेय निःसंदिग्धपणे नूरजहानची आई अस्मत बेगम हिला देतो. गुलाबपाणी करताना, गरम पाणी पात्रात ओतल्यावर पृष्ठभागावर जो तवंग येई, तो तिने थोडा थोडा गोळा केला. बादशहाने तिला मोत्यांची माळ दिली. सलीमा सुलतान बेगमने या द्रव्याचे नाव ठेवले ‘इत्र-इ-जहांगिरी’. शोध एका स्त्रीचा, नामकरण दुसरीचे आणि नाव बादशहाचे! लोककथांनी तर हे श्रेय पुढे नूरजहानला देऊन टाकले. प्रौढ स्त्रीच्या निरीक्षणशक्तीपेक्षा तरुण राणीच्या प्रणयाची कथा अधिक रुचली असावी.

हळदीकुंकू आणि अत्तरदाणी

महाराष्ट्रात स्त्रियांनी स्त्रियांना सार्वजनिकपणे सुगंध देण्याचा प्रसंग म्हणजे हळदीकुंकू. मनगटाला वा हाताच्या पाठीवर अत्तर, अंगावर गुलाबपाणी, ओटी आणि फूल असा हा उपचार आहे. येथे पती उपस्थित नसतो. एक स्त्री दुसरीला सुगंध लावते. या अर्थाने हा समय स्त्रियांनी आपल्यापुरता निर्माण केलेला आहे, असे म्हणता येईल. पण त्याचे निमंत्रण परंपरेने सवाष्णींनाच असते. ‘सुवासिनी’ हा शब्द ऐकताच मराठी कानाला ‘सुवास’ जाणवतो; कोशकार मात्र त्याचा अर्थ पितृगृही वास करणारी स्त्री असा देतात. व्युत्पत्ती काहीही असो, व्यवहाराने सुवासाची जोड या शब्दाला पक्की करून दिली आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले. त्या निमित्ताने चर्चा झाली ती कुंकू, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र या डोळ्यांना दिसणाऱ्या चिन्हांची. अत्तरदाणी कोणासमोर थांबते आणि कोणाला ओलांडून पुढे जाते, हे कागदपत्रांत शोधून सापडण्यासारखे नाही. त्यासाठी वृद्ध स्त्रियांच्या मौखिक आठवणी संकलित कराव्या लागतील. विवाहापूर्वी, विवाहानंतर आणि वैधव्यात कोणता सुगंध वापरला, कोणता सोडला आणि कोणाच्या सांगण्यावरून, एवढे तीनच प्रश्न विचारले तरी पुरेसे आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांना विद्यार्थिनींच्या साहाय्याने हे काम एका शैक्षणिक वर्षात करता येण्याजोगे आहे.