दोन टेकड्यांचे सीरोस

'फिरंगी' या शब्दाचा प्रवास मोठा लांबचा आहे. पश्चिम युरोपातील फ्रांक लोकांवरून अरबी व फारसी भाषांत तो शब्द रुजला आणि तेथून आपल्या मराठीत आला. वसई परिसरात त्याचा अर्थ पोर्तुगीज असा झाला, परदेशी तलवारीलाही 'फिरंग' म्हटले गेले, आणि काही वेळा तोच शब्द येथील मातीत जन्मलेल्या ख्रिस्ती माणसालाही चिकटला. याच शब्दाचा एक सख्खा भाऊ ग्रीसमध्ये नांदतो. तेथे कॅथलिक माणसाला 'फ्रांगोस' म्हणतात. ग्रीक भाषा बोलणारा, पिढ्यान्पिढ्या ग्रीक मातीत पुरला गेलेला माणूसही केवळ रोमशी असलेल्या नात्यामुळे 'फ्रांगोस' ठरतो. ज्या बेटावर हे फ्रांगोस शतकानुशतके राहत आले, ते सीरोस बेट पाहण्याची इच्छा आमच्या मनात बरीच वर्षे होती.

सीरोसला जाण्याची राजवाट म्हणजे अथेन्सजवळील पिरेयस बंदर. तेथून सुमारे ८० सागरी मैलांचे अंतर साधी फेरीबोट चार तासांच्या आसपास कापते. बोटीचा मागचा दरवाजा पुलासारखा धक्क्यावर उतरतो आणि मालमोटारी, मोटारसायकली व बोचकी घेतलेली माणसे एकाच वाटेने तिच्या पोटात शिरतात. सुट्टीसाठी निघालेले परदेशी प्रवासी वरच्या डेकवर ऊन खात बसतात, तर बेटावरची माणसे आत सावलीत डोळे मिटून घेतात. त्यांच्या दृष्टीने ही सहल नसून दवाखान्याची, बाजाराची वा मुलाच्या महाविद्यालयाची वाट असते. उन्हाळ्यात या समुद्रावर 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो फार माजला की बोटी बंदरातच अडकतात आणि बेटे खरोखरची बेटे होतात. वर्तमानपत्र, औषध, भाजी, पाहुणा आणि मतपेटी, सारे काही समुद्राच्या मर्जीने येते, हे आम्हांला तेथे नीट उमगले.

बोट बंदरात वळू लागते तेव्हा समोर दोन टेकड्या दिसतात. डावीकडच्या टेकडीवर आनो सीरोस, म्हणजे 'वरचे सीरोस', हे जुने गाव असून त्याच्या माथ्यावर संत जॉर्जचे कॅथलिक कॅथेड्रल आहे. उजवीकडच्या टेकडीवर पुनरुत्थानाला वाहिलेले ऑर्थोडॉक्स चर्च आहे. दोहोंच्या पायथ्याशी एर्मूपोली हे बंदराचे शहर पसरले आहे. बेटाचा सारा इतिहास जणू या एका दृश्यात मांडून ठेवला आहे.

त्या इतिहासाचा उगम एका पापात आहे, हे आपण कॅथलिकांनी विसरता कामा नये. १२०४ साली चौथ्या धर्मयुद्धाच्या सैन्याने जेरुसलेमची वाट सोडली आणि कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती नगरच लुटले. त्या लुटीच्या वाटणीनंतर १२०७ च्या सुमारास व्हेनिसच्या मार्को सानुदोने एजियन समुद्रातील बेटे काबीज करून नाक्सोसचे राज्य स्थापिले. सीरोस त्यातच आले. चाच्यांच्या भयाने टेकडीवर एकमेकांना खेटून घरे बांधली गेली. बाहेरच्या घरांच्या भिंती हाच तट झाला. बेटावरील लोक कालांतराने बहुतांशी लॅटिन विधीचे कॅथलिक झाले. भाषा मात्र त्यांनी ग्रीकच राखली.

सोळाव्या शतकात बेट तुर्कांच्या अमलाखाली गेले. १६१७ साली तुर्की आरमाराने सीरोसवर हल्ला केला आणि बिशप आंद्रेया कार्गा यांना फाशी दिले. मेंढपाळ गेला, पण कळप विखुरला नाही. पुढे कापुचिन आणि १७४४ मध्ये येशूसंघीय धर्मगुरू तेथे आले. फ्रान्सच्या राजाने तुर्की साम्राज्यातील कॅथलिकांना आपले छत्र दिले. सीरोसला लोक 'पोपचे बेट' म्हणू लागले.

या फ्रांगोस मंडळींची आणखी एक खूण आम्हांला जवळची वाटली. एजियन बेटांवरील कॅथलिक आपली ग्रीक भाषा कित्येकदा रोमन लिपीत लिहीत. बिशप कार्गांच्या मृत्यूच्या अवघे एक वर्ष आधी, १६१६ साली, गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्याची भाषा मराठी आणि लिपी रोमन. हृदयाची भाषा एक आणि छापखान्याचे अक्षर दुसरे, अशी ही दोन दूरची कुटुंबे एकाच काळात एकमेकांना न ओळखता जगत होती.

१८२१ साली ग्रीकांनी तुर्कांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले. सीरोसचे कॅथलिक तटस्थ राहिले. फ्रेंच छत्राची ऊब आणि ऑर्थोडॉक्स बहुसंख्येची भीती, दोन्ही त्यामागे होती. या तटस्थतेबद्दल त्यांना पुढे पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. परंतु याच तटस्थतेमुळे बेट सुरक्षित राहिले. १८२२ साली खिओस बेटावर भीषण कत्तल झाली, १८२४ मध्ये प्सारा उद्ध्वस्त झाले, आणि तेथील निराधार माणसे होड्यांतून सीरोसच्या किनाऱ्याला लागली. वरच्या गावातील कॅथलिकांच्या पायथ्याशी ऑर्थोडॉक्स निर्वासितांची वस्ती उभी राहिली. जमिनीवरून आणि मानपानावरून कुरबुरी झाल्या, हे खरे. तरीही ती वस्ती टिकली आणि १८२६ साली तिने व्यापाराच्या हर्मीस देवाच्या नावावरून एर्मूपोली हे नाव घेतले.

हातात काही नसताना आलेल्या त्या माणसांनी तीस-चाळीस वर्षांत नव्या ग्रीसचे सर्वांत मोठे व्यापारी बंदर उभारले. १८६१ मध्ये जहाजबांधणीचा कारखाना निघाला, १८६४ मध्ये अपोलो नाट्यगृह उघडले. अर्वाचीन ऑलिंपिक समितीचे पहिले अध्यक्ष दिमित्रियोस विकेलास १८३५ साली येथेच जन्मले. पुढे पिरेयस वाढले, १८९३ मध्ये कोरिंथचा कालवा खुला झाला आणि सीरोसचे वैभव ओसरले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१-४२ च्या दुष्काळात, दोन्ही टेकड्यांवर अन्नाविना माणसे मेली. भुकेने कोणालाही त्याचे धर्ममंडळ विचारले नाही.

'परका' हा शिक्का मात्र सहजी पुसला जात नाही. क्रीट बेटावरील खानिया येथे शेजाऱ्यांनी कॅथलिक कॅथेड्रलच्या आवाराची भिंत पाडली तेव्हा चर्चने दाद मागितली. चर्चला कायदेशीर अस्तित्वच नाही, असे ग्रीक न्यायालयांनी सांगितले. शेवटी १९९७ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१४ च्या कायद्याने ग्रीसमधील कॅथलिक चर्चला रीतसर मान्यता मिळाली. दुसऱ्या बाजूने २००१ साली पोप जॉन पॉल दुसरे अथेन्सला गेले आणि १२०४ च्या अत्याचारांबद्दल त्यांनी परमेश्वराची क्षमा मागितली. आठशे वर्षांची जखम एका वाक्याने भरत नाही, पण ते वाक्य उच्चारल्यावाचून ती धुतलीही जात नाही.

सीरोसने याबाबतीत आपल्या परीने एक वाट काढली आहे. येथील कॅथलिक आपल्या ऑर्थोडॉक्स बांधवांसोबत, पूर्वेकडील पंचांगाप्रमाणे, एकाच रविवारी ईस्टर साजरा करतात. नवरा एका टेकडीचा आणि बायको दुसऱ्या टेकडीची, अशी घरे येथे पुष्कळ आहेत. एकाच घरात उपवास आणि सण वेगवेगळ्या दिवशी कसे चालावेत? विद्वानांच्या परिषदांना जे अजून जमलेले नाही, ते येथील स्वयंपाकघरांनी केव्हाच उरकून टाकले.

आणि त्या 'फ्रांगोस' शब्दाचे काय झाले? १९०५ साली आनो सीरोसच्या एका गरीब कॅथलिक घरात मार्कोस वाम्वाकारिस जन्मला. पोटासाठी तो पिरेयसला गेला, गोदीत राबला, बुझुकी वाजवू लागला. १९३५ मध्ये त्याने 'फ्रांगोसीरियानी', म्हणजे सीरोसची कॅथलिक मुलगी, हे गीत रचले. ते साऱ्या ग्रीसने आपले म्हणून उचलले. आज ऑर्थोडॉक्स लग्नांतही लोक ते गातात. जो शब्द वेगळे काढण्यासाठी वापरला जाई, तो एका हमालाने प्रेमाचा करून दाखवला.

१७३९ साली पोर्तुगीज वसईहून गेले. भाविक येथेच राहिले, कारण ते येथलेच होते. आपल्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांत, सामवेदी व वाडवळी लग्नगीतांत, विहिरीवरच्या क्रुसांत या सत्याची साक्ष आहे. सीरोसच्या लोकांनी आनो सीरोसमध्ये आपल्या गायकाचे लहानसे संग्रहालय जपले आहे. आपल्या गावोगावच्या आजीबाई ती गीते गात आहेत तोवर ती कोणी लिहून घेतली, तर आपल्या नातवंडांना आपण कोण, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही.